नळाचे पाणी उगमाकडे जाऊन पाहिले
उजनीच्या जलाशयावर होडीतला एक दिवस



आपल्या घरातल्या प्रवासांचा हिशेब मांडायला बसले तर तो चार ओळींत संपतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूर, ६ डिसेंबरला मुंबई, १ जानेवारीला कोरेगाव भीमा, जमलेच तर एखाद्या २० मार्चला महाड. बाकी लग्नकार्य, पुण्यानुमोदन आणि दवाखाना. हे सगळे प्रवास कारणाचे. नुसते बघायला म्हणून, मुलाबाळांना हाताशी धरून, एक दिवस घराबाहेर पडलो असे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? सहल ही शाळेची असते किंवा साहेबलोकांची, अशी आपली समजूत होऊन बसली आहे.

आम्ही भवानी पेठेतली माणसे. कुणाच्या घरी यंत्रमाग, कुणाच्या घरी विड्यांचे सूप, कुणी हमाल, कुणी शाळेत शिपाई. आमच्या गल्लीत उजनी हा शब्द लहान पोरालाही ठाऊक आहे, पण तो नळाच्या संदर्भात. “उजनी किती टक्के झालं?” हा प्रश्न पावसाळ्यात इथे तब्येत विचारावी तसा विचारतात. पाणी कधी दिवसाआड, कधी तीन-चार दिवसांआड, अशा पाळीत इथल्या घरांनी वर्षानुवर्षे काढली. बायांनी रात्री-अपरात्री उठून घागरी भरल्या. पण ते पाणी येते कुठून, दिसते कसे, हे आमच्यापैकी फारच थोड्यांनी पाहिले होते. म्हणून गेल्या फेब्रुवारीत चार घरे मिळून आम्ही सतरा जण निघालो. ठरवले एवढेच की, उजनीच्या पाण्यावर एक दिवस होडीतून हिंडायचे.

एस.टी.तून

पहाटे सोलापूरच्या एस.टी. स्टँडवर पुण्याची गाडी धरली. बरोबर कडक भाकरी, शेंगाचटणी, तळलेल्या मिरच्या, कांदे आणि पाण्याचे दोन कॅन. मोहोळ गेले, टेंभुर्णी आले. टेंभुर्णीच्या पुढे भीमानगरजवळ पुणे रस्ता भीमा नदी ओलांडतो, तिथून धरणाची भिंत दिसते. पोरे खिडकीला चिकटली. एक आजी म्हणाल्या, “एवढ्या भिंतीमागं आपली घागर हाय व्हय!”

आजींनी बरोबर सांगितले. हे धरण १९८० साली पुरे झाले. भिंत सुमारे अडीच किलोमीटर लांबीची आहे. मागच्या जलाशयाला यशवंतराव चव्हाण यांच्या नावावरून यशवंतसागर म्हणतात. त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. यातले सुमारे ६३ टीएमसी पाणी तळाशी राहते. त्याला मृतसाठा म्हणतात. टक्केवारी मोजतात ती त्याच्या वरच्या सुमारे ५३ टीएमसीची. म्हणूनच उन्हाळ्यात वर्तमानपत्रात “उजनी उणे” असे छापून येते. उणे म्हणजे धरण कोरडे पडले असे नव्हे, वरचा साठा संपून तळच्या पाण्याला हात घातला असा त्याचा अर्थ. २०२४ च्या उन्हाळ्यात तर उजनी उणे पन्नासच्याही खाली गेली होती. गाडीत ही गोष्ट मुलांना समजावून सांगताना मोठ्यांपैकीही दोघा-तिघांना ती पहिल्यांदाच कळली.

पुढे इंदापूर, मग पळसदेव, मग भिगवण. सोलापूरहून हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. या साऱ्या वाटेत धरणाचे पाणी रस्त्यापासून फार दूर नाही, मधूनच उसाच्या शेंड्यांमागे चकाकताना दिसते. भिगवणला उतरून आम्ही दोन टमटम ठरवल्या आणि कुंभारगावच्या काठावर पोचलो. हे गाव पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात येते, पण समोरच्या काठाला आपल्या जिल्ह्यातला करमाळा तालुका आहे. एक पाणी आणि दोन जिल्हे.

होडीत

काठावर होड्या ओळीने लागलेल्या होत्या. एका होडीत सारे मावणार नव्हते म्हणून दोन ठरवल्या. आमचा नावाडी चाळिशीचा असेल. त्याने आधी सगळ्यांच्या अंगात लाल-नारिंगी जॅकेटे चढवायला लावली. एक मावशी संकोचल्या. लुगड्यावरून हे काय घालायचे, म्हणाल्या. नावाडी हसला नाही. “मावशी, त्याच्याबिगर होडी सुटायची न्हाय. आन् कुनी उभं ऱ्हायचं न्हाय,” एवढेच त्याने सांगितले. मावशींनी मुकाट्याने पट्टे बांधून घेतले.

बांबूने काठ ढकलून होडी आत गेली, मग त्याने इंजिन सुरू केले. पहिली पाच मिनिटे कुणी बोलले नाही. पाणी आम्ही आजवर घागरीत पाहिले, टाकीत पाहिले, फार तर सिद्धेश्वर तलावात पाहिले. इथे ते नजर संपेपर्यंत होते. एका पोराने हात बुडवला आणि विचारले, “हेच पाणी आपल्या नळाला येतं?” होय, हेच. आणि वरच्या अंगाला हीच भीमा कोरेगावावरून वाहते. १ जानेवारीला आपण ज्या नदीकाठी मानवंदनेला उभे राहतो, तिथले पाणी पुढे याच जलाशयात येते. खाली हीच नदी पंढरपुरावरून आपल्या सोलापूरच्या दक्षिणेला जाते. ही एवढी साधी गोष्ट भूगोलाच्या पुस्तकात असते, पण पाण्यावर बसल्याशिवाय ती मनात उतरत नाही.

थोडे पुढे गेल्यावर नावाड्याने इंजिन बंद केले आणि पुन्हा बांबू हाती घेतला. समोर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा उभा होता. यांनाच अग्निपंख म्हणतात. पाय काठीसारखे, मान वाकडी, अंग पांढरे, त्यावर गुलाबी झाक. हा पक्षी मान खाली घालून चोच उलटी करतो आणि चिखलपाण्यातले शेवाळ, बारीक किडे चाळून खातो. त्याचा गुलाबी रंग या खाण्यातूनच येतो. पाणी उतरू लागले की उथळ दलदल मोकळी होते, म्हणून हिवाळ्याच्या अखेरीस त्यांची इथे गर्दी असते. पलीकडे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब हंस होते, जे हिमालय ओलांडून येतात. चित्रबलाक होते, राखी बगळे होते. डोक्यावरून कुरव पक्षी ओरडत फिरत होते. आमच्यातल्या सहावीच्या मुलीने वहीत चित्रे काढायला घेतली. तिची आई घरी विड्या वळते. ती म्हणाली, “एवढ्या लांबून ही पाखरं येत्यात, आन् आपून दीडशे किलोमीटरावर ऱ्हाऊन आज आलो!”

पाण्याखालची गावे

परतीच्या वाटेवर नावाडी बोलता झाला. त्याच्या आजोबांची जमीन याच पाण्याखाली आहे. “आत्ता आपून जिथं हाय ना, तिथं आमच्या भावकीची ज्वारी असायची म्हनं,” असे तो सहज सांगून गेला. जमीन गेली, मग पाणी हेच शेत झाले. बापाने जाळे धरले. पुढे पाखरे बघायला माणसे येऊ लागली तेव्हा याने होडीवर बाके बसवली. सकाळी मासे आणि मग पाहुणे, असा त्याचा दिवस. भिगवणची चिलापी खायला पुण्या-सोलापुराची माणसे थांबतात, ती मासळी अशाच जाळ्यांतून येते.

अशी कितीतरी गावे या पाण्याने उठवली. जुने पळसदेव पाण्याखाली गेले, नवे वर रस्त्याकडेला वसले. जुन्या गावचे हेमाडपंती देऊळ अजून पाण्यात उभे आहे. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की ते उघडे पडते आणि लोक होडीने बघायला जातात. पलीकडे कुगावला जुन्या वाड्याचे अवशेष असेच उघडे पडतात. आपल्या नळाला पाणी यावे, पंढरपूर-मोहोळकडे उसाला पाणी मिळावे, म्हणून कुणीतरी आपली चूल उचलून दुसरीकडे मांडली. पाणी आले नाही की आपण ओरडतो, आणि ओरडायलाच हवे. पण पाणी येते तेव्हा या माणसांची आठवण कोण काढतो? हा प्रश्न त्या होडीत आमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात आला असावा, कारण बराच वेळ सगळे गप्प होते.

विलायतेतल्या नावा

काठावर बाभळीखाली भाकरी सोडली. जेवता जेवता कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने विचारले, “कालव्यातून होडी का नाही जात? उजनीचा कालवा एवढा लांब आहे, घरापर्यंत होडीनंच गेलो असतो.” सगळे हसले, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता.

विलायतेत कालव्यातून नावा चालतात. तिथे कालवे मुळात शेतीसाठी खणलेच नव्हते, मालाच्या वाहतुकीसाठी खणले होते. १७६१ साली ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला, खाणीतला कोळसा नावेतून मँचेस्टरला येऊ लागला आणि तिथला कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर उतरला. त्याच मँचेस्टरच्या गिरण्यांशी पुढे आपल्या मुंबई-सोलापूरच्या गिरण्यांना टक्कर द्यावी लागली. तिथल्या बऱ्याच कालव्यांचे दरवाजे अरुंद, म्हणून नावही अरुंद. रुंदी जेमतेम सात फूट आणि लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत. काठाने घोडा चालायचा आणि दोराने नाव ओढायचा. चढ-उतार आला की दोन दरवाजांचा हौद बांधलेला असे. नाव हौदात घ्यायची, मागचे दार लावायचे, पाणी वाढवायचे किंवा सोडायचे, मग पुढचे दार उघडायचे. नाव जिना चढावी तशी चढते.

आपल्याकडचे कालवे सिंचनाचे. त्यांना पाणी आवर्तनाने सुटते, पाळी संपली की कालवा कोरडा. वाटेत मोऱ्या, धबधबे, वेशीसारखी लहान दारे. म्हणून त्यातून नाव चालत नाही. तरी आपल्या देशात नावांचे कालवे झालेच नाहीत असे नाही. मद्रासकडे समुद्राच्या काठाने बकिंगहॅम कालवा आहे. त्याचा मद्रास शहरातला जोड १८७७-७८ च्या मोठ्या दुष्काळात उपाशी मजुरांच्या हातून खणून घेतला गेला. त्याच दुष्काळात आपल्या सोलापूर जिल्ह्यातली माणसेही खडी फोडत होती, तलावांची माती वाहत होती. पण १८६० साली सोलापूरला रेल्वे आली होती, आणि देशभर सरकारचे लक्ष लोहमार्गाकडेच वळले. जलमार्ग मागे पडले.

ही गोष्ट बाबासाहेबांच्या नजरेतून सुटली नव्हती. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज ही खाती त्यांच्याकडे होती. १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन आयोग स्थापन झाला. आजचा केंद्रीय जल आयोग हा त्याचाच वारसा. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला कटकच्या परिषदेत त्यांनी ओरिसाच्या नद्यांचा विचार मांडला. जास्तीचे पाणी हे संकट समजून समुद्रात घालवू नका, ते अडवा, त्यातून शेती भिजवा, वीज काढा आणि नावाही चालवा, असे त्या विचाराचे सार होते. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारा माणूस अठरा वर्षांनी देशाच्या नद्यांची आखणी करत होता. आपण महाडची आठवण काढतो, तशी कटकचीही काढायला हवी.

आणखी एक गोष्ट. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब लंडनला ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचे १० नंबरचे घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. त्या घरापासून थोड्याच अंतरावरून रीजंट्स कालवा वाहतो. तो १८२० मध्ये पुरा झाला. त्या काळी त्यातून लाकूड, कोळसा वाहणाऱ्या नावा चालत. आज त्याच कालव्यातून प्रवासी सहलीच्या नावेत बसून फिरतात. वेग ताशी चार मैलांपेक्षा जास्त नाही, म्हणजे माणूस भराभर चालावा तेवढाच.

नावेतली मुले

पण त्या नावांची खरी गोष्ट सहलीची नाही. रेल्वेशी स्पर्धा सुरू झाल्यावर वाहतुकीचा दर उतरला. नावाड्याला घरभाडे परवडेना, म्हणून त्याने बायकापोरांना नावेवरच आणले. मागच्या बाजूला दहा-एक फुटांची खोली, त्यातच चूल, त्यातच अंथरूण, त्यातच बाळंतपण. बायको सुकाणू धरायची आणि पोर घोड्यामागे चालायचे. नाव आज इथे तर उद्या तिथे, मग शाळा कुठली? हे ऐकताना आमच्यातल्या एक ताई पटकन बोलल्या, “म्हंजी ऊसतोड्यांसारखंच की!” तुलना तंतोतंत आहे. ज्या उजनीच्या पाण्यावर आपल्या जिल्ह्यात ऊस वाढला, कारखाने वाढले, तो ऊस तोडायला येणाऱ्यांची पोरे कोपीत झोपतात आणि हंगाम संपेपर्यंत शाळेला मुकतात.

तिथे जॉर्ज स्मिथ नावाचा माणूस उभा राहिला. तो स्वतः लहानपणी वीटभट्टीवर राबलेला. आधी वीटभट्टीच्या मुलांसाठी आणि मग नावेवरच्या मुलांसाठी त्याने लिहिले, लोकांना जागे केले. १८७७ साली इंग्लंडात कालव्यांवरच्या नावांसाठी कायदा झाला. नावेची नोंदणी करा, एका खोलीत किती माणसे राहतील ते ठरवा, पोरांना शाळेत घाला, असे त्यात होते. तो कागदावरच राहतो असे दिसले तेव्हा १८८४ मध्ये तपासणीची तरतूद जोडली गेली. कायदा होणे आणि तो नावेपर्यंत पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या देशालाही सात वर्षांनी कळले.

२१ मे २०२४

हा विषय निघाला आणि आमच्याजवळ चहा पीत बसलेला नावाडी म्हणाला, “ताई, तुमाला सकाळी जाकीट का घालाया लावलं, ठावं हाय का?” मग त्याने ती गोष्ट काढली. पेपरात आपणही वाचली होती, पण त्या पाण्याकाठी बसून ती ऐकणे वेगळे.

पलीकडच्या करमाळा तालुक्यातले कुगाव आणि अलीकडच्या इंदापूर तालुक्यातले कळाशी यांच्यामध्ये हा जलाशय आहे. समोरचे गाव डोळ्याला दिसते, पण रस्त्याने जायचे तर फार लांबचा वळसा. म्हणून दवाखाना, बाजार, नातीगोती यांसाठी माणसे होडीनेच जात. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी अशीच एक होडी निघाली. वळिवाच्या दिवसांत सुटतो तसा वादळी वारा सुटला आणि होडी उलटली. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण बुडाले, त्यांत लहान मुलेही होती. शोध दोन दिवस चालला. त्यानंतर शिरसोडी आणि कुगाव यांच्यामध्ये पूल मंजूर झाला.

आम्ही संध्याकाळी परतताना पळसदेवला उतरलो आणि आत कळाशीच्या काठापर्यंत गेलो. पाणी शांत होते. समोरचा काठ एवढा जवळ वाटत होता की हाक मारली तर ऐकू जाईल. आजींनी काठावर हात जोडले, आम्ही सगळेच दोन मिनिटे उभे राहिलो. मग त्या मावशी बोलल्या, सकाळी जॅकेट घालायला संकोचल्या होत्या त्याच. “आपून मजा करायला आलो, तर आपल्याला जाकीट. जे रोज पोटापाण्याला ह्या पाण्यावरनं जातंय, त्याच्या अंगात काय असतंय?”

वाचकहो, या एका प्रश्नासाठी आमची सगळी सहल वसूल झाली असे आम्ही समजतो. एकच पाणी आहे. कुणाला ते एका दिवसाची हौस, कुणाला ते रोजचा रस्ता. हौसेने येणाऱ्याचा जीव जपला जातो कारण तो पैसे मोजतो, दोन शब्द बोलू शकतो. रोजच्या माणसाला घाई असते, सवय असते आणि त्याला विचारणारे कुणी नसते. पाण्याला हात लावण्याचा हक्क १९२७ साली मिळवावा लागला. त्याच पाण्यावरून जिवंत पलीकडे पोचण्याचा हक्कही त्याच यादीत धरला पाहिजे. आपल्या देशात २०२१ साली अंतर्देशीय जलयान कायदा झाला आहे. इंजिनावर चालणाऱ्या नावांची नोंदणी, तपासणी, त्यांत जीव वाचवण्याची साधने, हे सारे त्यात आहे. तो कायदा प्रत्येक काठापर्यंत उतरला पाहिजे. त्यासाठी मागणी करणारा आवाज फक्त काठावरच्या गावांचा असून चालणार नाही, त्या पाण्यावर जगणाऱ्या शहराचाही असायला हवा. मुलांना नावेतून शाळेत पोचवायला तिथे एका वीटभट्टीच्या मजुराला बोलावे लागले. आपल्याकडेही बोलावे लागेल.

जायचे असेल तर

अनेकांनी आम्हाला माहिती विचारली म्हणून थोडे लिहितो. डिसेंबर ते मार्च हे दिवस चांगले. रोहित पक्षी बघायचे तर जानेवारीनंतर जावे. पहाटेची गाडी धरावी आणि होडी सकाळीच करावी, तेव्हा वारा कमी असतो आणि पाखरेही जवळून दिसतात. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर आभाळ भरून आले असेल तर कितीही घाई असली तरी होडीत पाऊल टाकू नये. वळिवाचा वारा सांगून येत नाही. होडीत किती माणसे बसवायची ते नावाडी ठरवील, आपण “एक पोर काय जड होतंय” म्हणून आग्रह धरू नये. जॅकेट लहानग्यांच्या मापाचे आहे का हे आधी बघावे, पट्टे आवळावेत, होडीत फोटोसाठी उभे राहू नये. जॅकेट नसेल तर दुसरी होडी बघावी, तीही नसेल तर काठावरूनच पाखरे बघून यावे.

पक्ष्यांच्या अंगावर ओरडू नये, त्यांना उडवायला नावाड्याला सांगू नये. प्लॅस्टिकच्या पिशव्या परत आणाव्यात, शेवटी ते आपल्याच नळाचे पाणी आहे. भाकरी घरची न्यावी आणि परवडले तर मासे मात्र तिथलेच घ्यावेत. नावाड्याने सांगितलेला दर रास्त असेल तर घासाघीस करू नये. आपण घाम गाळणारी माणसे आहोत, दुसऱ्याच्या घामाची किंमत आपणच पाडायची नसते. आणि त्याच्याशी बोलावे. त्याच्या गावाचे नाव विचारावे, जुने गाव कुठे होते ते विचारावे. तो बोट दाखवील ते नुसते पाणीच असेल, पण मुलांना ते नीट बघायला सांगावे.

आमच्या पेठेतल्या गिरणी कामगारांच्या पिढीने जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा एकामागून एक गिरण्या बंद पडलेल्या पाहिल्या. त्यांना सुटीचा दिवस म्हणजे झोपेचा दिवस. त्यांच्या नातवंडांना तरी असा एखादा दिवस मिळावा की जो कुणाच्या दुःखाचा नाही, कामाचाही नाही, नुसता बघण्याचा आहे. मात्र बघताना डोळे उघडे असावेत. त्या सहावीच्या मुलीने वहीत रोहित पक्षी काढला, होडी काढली, आणि पाण्याच्या रेषेखाली एक लहानसे घर काढले. बाईंनी शाळेत विचारले, घर पाण्याखाली कसे? तिने उत्तर दिले, “ते नावाडीकाकांचं आहे.”

आपल्या भागातल्या पाण्यावर कुणी असा प्रवास केला असेल, मग ती नदीवरची होडी असो, खाडीतली असो की तलावातली, तर या पानासाठी जरूर लिहून कळवावे. कुठल्या काठावर माणसे जॅकेटाविना ये-जा करतात तेही लिहावे.

जयभीम.